विसरण्याआधीचा मेंदू

उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही. दोन-अडीच वर्षांत तो म्हातारा होतो, मरतो, पण त्याच्या मेंदूत ॲमिलॉइड या प्रथिनाच्या गुठळ्या साचत नाहीत. त्याचं ॲमिलॉइड आपल्यापेक्षा तीन अमिनो आम्लांनी वेगळं असतं. म्हणून बेल्जियममधल्या ज्या प्रयोगशाळेत मी पीएच.डी. केली, तिथल्या उंदरांमध्ये माणसाचं जनुक घातलेलं होतं, आणि तेही बिघडलेलं. अल्झायमर पिढीजात असलेल्या एका स्वीडिश कुटुंबात हा बिघाड सापडला होता. टीजी २५७६ हा या उंदरांचा वाण १९९६ साली अमेरिकेत तयार झाला. उंदीर वर्षाचा होत आला की त्याच्या मेंदूत गुठळ्या, म्हणजे प्लाक, दिसू लागतात. आम्हाला मात्र त्याआधीचे, चांगले तुकतुकीत तरुण उंदीर हवे असायचे.

माझं काम एमआरआयचं. माणसाला ‘हलू नका’ सांगता येतं, उंदराला भूल द्यावी लागते, आणि सगळी गोम तिथेच आहे. भूल जास्त झाली तर मेंदू गप्प होतो आणि मोजायला काही उरत नाही. कमी झाली तर स्वारी स्कॅनरमध्येच जागी होते. दात एका पट्टीवर अडकवायचे, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम लावायचं, छातीखाली श्वास मोजणारी इवलीशी उशी सरकवायची, गरम हवा सोडून अंग सदतीस अंशांवर ठेवायचं. मग बाहेर बसून पडद्यावरच्या श्वासाच्या रेषेकडे बघत राहायचं. स्कॅन झाला की भूल उतरवणारं इंजेक्शन. शुद्धीवर आल्यावर उंदीर आधी पुढच्या पायांनी डोळ्यांतलं मलम पुसायचा. जमलं, हे मला त्यावरून कळायचं.

मोजायचं काय, तर काहीच न करणारा मेंदू. अर्ध्या ग्रॅमहूनही हलक्या त्या मेंदूत रक्तातल्या प्राणवायूचं प्रमाण सावकाश कमी-जास्त होत असतं. दिंडीतले दोन टाळकरी एकमेकांपासून लांब असले तरी एकाच ठेक्यावर टाळ वाजवतात, त्यावरून ते एकाच दिंडीतले हे समजतं. तसंच मेंदूतले दोन भाग एकाच वेळी वर-खाली होत असतील तर ते जोडलेले आहेत, असं मानतात.

कोणता उंदीर कोणत्या गटातला, हे विश्लेषण पुरं होईपर्यंत आम्हाला माहीत नसायचं. पिंजऱ्यांवर फक्त क्रमांक. यादी उघडली तेव्हा बिघडलेल्या जनुकाच्या तरुण उंदरांमध्ये जोडण्या सैल नव्हत्या, उलट प्रमाणाबाहेर घट्ट होत्या. ॲन्टवर्प विद्यापीठाच्या गटाने २०१६ साली हेच प्रसिद्ध केलेलं मी वाचलं होतं. तरी स्वतःच्या पडद्यावर तो लालभडक नकाशा पाहताना मी खुर्चीत पुढे सरकलेच. रोगाची सुरुवात तुटण्याने होते, असंच आपल्या मनात असतं. इथे तर सुरुवात अतिरेकाने होत होती.

याचे धागे आधीच हाती लागलेले होते. सॅन फ्रान्सिस्कोत पालोप आणि म्युके यांच्या गटाला २००७ साली अशाच उंदरांमध्ये बाहेरून न दिसणारे फिटचे झटके आढळले. म्यूनिकमध्ये बुशे आणि कोनर्थ यांनी २००८ साली जिवंत उंदराच्या मेंदूत एकेक पेशी पाहिली. प्लाकशेजारच्या कित्येक पेशी नको तितक्या उत्तेजित होत्या. पुढे २०१२ साली त्याच गटाला हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागात, हा प्रकार प्लाक येण्याआधीच सुरू झालेला दिसला. विरघळलेलं ॲमिलॉइड एकीकडे पेशींना चेतवतं, दुसरीकडे त्यांना लगाम घालणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात. शिवाय पेशी जितकी काम करते तितकं ॲमिलॉइड जास्त सुटतं. म्हणजे आगीत तेलच. जोडण्या सैल पडतात त्या पुढे, रोग मुरल्यावर.

साताऱ्याची मावशी दर रविवारी फोन करायची. काकांचं विसरणं तोवर खूप पुढे गेलं होतं.

“काय गं, तुझ्या उंदरांना गुण आला का?”

“मावशी, आम्ही औषध देतच नाही, नुसतं बघतो.”

“मग बघून काय उपयोग?”

प्रश्न रोखठोक होता. मी तिला सांगितलं की अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये २०१२ साली सौम्य विसराळूपणा असलेल्या माणसांना लेव्हेटिरासेटम हे फिटचं औषध अगदी थोड्या मात्रेत दिलं, तेव्हा हिप्पोकॅम्पसचा अतिरेक उतरला आणि स्मरणाच्या चाचणीतही फरक पडला. ती लगेच म्हणाली, “नाव लिहून पाठव.” मी पाठवलं नाही. तो छोटा प्रयोग होता, आणि काका त्या पायरीच्या फार पलीकडे गेले होते.

उंदरांवरून उडी मारण्याची घाई किती महागात पडते, याचा एक दाखला आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहे. १९९९ साली एका लसीने उंदरांच्या मेंदूतले प्लाक अडवले, झालेले कमी केले. जगभर आनंद झाला. माणसांवरची चाचणी २००२ साली थांबवावी लागली, कारण लस दिलेल्यांपैकी सुमारे सहा टक्के लोकांच्या मेंदूला सूज आली. मला विचाराल तर उंदीर औषध सांगायला कच्चा आहे, पण रोग कुठून सुरू होतो हे दाखवायला पक्का आहे.

तेव्हा ‘अल्झायमरवर औषध सापडलं’ अशी बातमी दिसली की आधी ती शेवटपर्यंत वाचा आणि तिच्यात उंदीर आहे का ते शोधा. आणि घरात कोणी विसरू लागलं असेल तर ‘वयच झालंय’ म्हणून सोडून देऊ नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. बी-१२ कमी पडल्याने किंवा थायरॉइडमुळेही माणूस विसरतो, आणि त्यावर औषध आजच मिळतं.