वेताचं वय

चिमटा धरताना माझा अंगठा हल्ली थरथरतो. त्यामुळे उंदराचे साडेदहा दिवसांचे भ्रूण सोडवायचं काम आता घोडेगावच्या विद्यार्थिनीकडे गेलंय. मी शेजारी बसून बडबडतो. तिचा हात माझ्याहून हलका आहे. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.

आमचं वाजतं ते वयावरून. समागमानंतर मादीत बसणारा प्लग दिसला की त्या दुपारला अर्धा दिवस, पुढचं कॅलेंडरवर, असा तिचा हिशेब. मी म्हणतो, सोमाइट मोज, म्हणजे भ्रूणाच्या पाठीत एकामागून एक उमटणारे ठोकळे. एकाच वेतात एक पिल्लू 33 सोमाइटांचं, दुसरं 38चं निघतं. सोमाइटाला साधारण 2 तास धरले तर सख्ख्या भावंडांत 10 तासांचं अंतर! जुन्नरच्या द्राक्षबागेतही हेच: हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावूनही सगळे डोळे एकदम फुटत नाहीत. छाटणीची तारीख वहीत असली तरी जाणता बागायतदार फवारणी वेलाकडे बघूनच ठरवतो.

कुलाब्याला टीआयएफआरमध्ये शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेने 2008 साली 'सायन्स'मध्ये दाखवलं, की एलएचएक्स-2 हा जीन पेशींना मेंदूचं कॉर्टेक्स व्हायला लावतो, पण अगदी सुरुवातीच्या काळातच. तेव्हा तो काढला तर आतल्या कडेच्या पेशी 'हेम' बनतात आणि शेजारच्या पेशींना हिप्पोकॅम्पस करायला लावतात. उशिरा काढला तर तसं होत नाही. तिथे वेळ हाच शोध होता. आणि तरी आजही लोक पेपरात नुसता दिवस लिहून मोकळे होतात.

लाखो पेशी यंत्राने वाचणारे भ्रूणाचं वय नीट बघत नाहीत, असा माझा राग होता. मग 2024मध्ये सिअ‍ॅटलच्या गटाने 'नेचर'मध्ये उंदराच्या 83 भ्रूणांतल्या पेशींचा नकाशा छापला. त्यातले सुरुवातीचे चक्क सोमाइट मोजून ओळीने लावलेले. तो अंक मी आठवडाभर काखेत घेऊन हिंडलो, जणू मीच लिहिला होता.

पण गाठ सुटत नाही ती वेगळीच. जीन काढल्यामुळेच पिल्लू मागे पडलं असेल, तर तुलना कुणाशी? त्याच वेतातल्या भावंडाशी केली तर वय जुळत नाही; दुसऱ्या वेतातल्या तितक्याच सोमाइटांच्या पिल्लाशी केली तर आई वेगळी. मी दोन्ही घेतो. ती म्हणते, "सर, मग दोन उत्तरं येतात." येतात. त्यात सोमाइट 36, पण पायाची कळी 33 सोमाइटांच्या भ्रूणासारखी, असं पिल्लू आलं, की मी चष्मा पुसत बसतो आणि ती माझ्या तोंडाकडे बघते.