गच्चीवरच्या दोन कुंड्या

करावे, नवी मुंबई
पावसाळ्याच्या तोंडावर

चि. बाळास,

टोरांटोत तुझ्या परसात गांजाची चार रोपं लागल्याचं कळलं. पुढच्या खेपेला बी घेऊन येतो, आपल्या गच्चीवर दोन कुंड्या लावू, असं तू लिहिलंस. हे पत्र त्या दोन कुंड्यांविषयी आहे.

कॅनडात नवख्या माणसाने हे रोप लावणं सरळ आहे. 17 ऑक्टोबर 2018 पासून तिथल्या कायद्याने चार रोपांची मुभा दिली, तीही माणशी नाही, घरामागे. ऑन्टारिओत लावणाऱ्याचं वय किमान 19 हवं आणि बी-रोप परवानाधारक दुकानातून घेतलेलं हवं. पुढचं काम दिवसाच्या लांबीवर चालतं. जूनमध्ये टोरांटोचा दिवस साडेपंधरा तासांच्या आसपास असतो, तेव्हा झाड नुसतं पानांनी वाढतं. ऑगस्टात रात्री लांबू लागल्या की ते फुलोऱ्यावर येतं आणि काढणी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात होते. तोवर हिमकण पडले तर पीक हातचं जातं. नर झाड वेळीच ओळखून उपटलं नाही, तर वाऱ्यावरच्या परागाने मादी झाडं बी धरतात आणि फुलोऱ्याचा कस उतरतो. तिथला नवशिका बहुधा या दोन ठिकाणीच अडतो.

करावे 19 अंश अक्षांशावर आहे. इथला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांचाच, आणि जून ते सप्टेंबर खाडीवरून येणारा पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. दाट फुलोऱ्यात पाणी साचलं की करडी बुरशी लागते. पण निसर्गाची अडचण इथे दुय्यम आहे, मुख्य अडचण कायद्याची.

हे झाड आपल्याला परकं कधीच नव्हतं. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1785 मध्ये त्याच्या एका जातीला ‘इंडिका’ हे नाव दिलं ते भारतातल्या नमुन्यांवरूनच. जुन्या मुंबई इलाख्यात घाटावर, अहमदनगर जिल्ह्यात गांजाची शेती होत असे. 1893 मध्ये सरकारने या पिकाच्या आणि व्यसनाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. मॅकवर्थ यंग त्याचे अध्यक्ष होते. आयोगाने देशभर फिरून 1193 साक्षी घेतल्या आणि 1894 च्या अहवालात निष्कर्ष काढला की बेताच्या सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवन घातक असतं, आणि सरसकट बंदीपेक्षा परवाना व कर हा मार्ग बरा.

तो मार्ग पुढे बंद झाला. अमली पदार्थांवरच्या 1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराने भारताला बांधून घेतलं आणि 14 नोव्हेंबर 1985 रोजी एनडीपीएस हा अमली पदार्थविरोधी कायदा अमलात आला. त्याच्या आठव्या कलमाने गांजाच्या कोणत्याही झाडाची लागवड निषिद्ध ठरवली. विसाव्या कलमानुसार तिला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. एक-दोन रोपांना त्यात सूट नाही. पंचविसावं कलम तर जाणूनबुजून जागा देणाऱ्यालाही तीच शिक्षा सांगतं. म्हणजे गच्ची ज्याची, तोही आरोपी.

महाराष्ट्रात या कायद्याची झळ शेतालाही लागते. धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याला पोलीस वरचेवर गांजाची शेतं उपटून नष्ट करतात. ऑगस्ट 2021 मध्ये सोलापूरच्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने उघडच वाट धरली. इतर पिकांना भाव मिळत नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावू द्या, असा अर्ज त्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे केला. पोलिसांनी हा प्रसिद्धीचा खटाटोप आहे असं म्हटलं. पण शेतमालाच्या भावाचा जो प्रश्न त्या अर्जात होता, तो खराच होता.

परवानगीची वाट कायद्यात आहे, मात्र ती घरच्या कुंडीकडे येत नाही. चौदाव्या कलमाखाली सरकार धाग्यासाठी, बियांसाठी किंवा बागायती कामासाठी लागवडीला मुभा देऊ शकतं. उत्तराखंडाने 2018 मध्ये त्याचा आधार घेतला, अट अशी की नशा आणणाऱ्या टीएचसी या द्रव्याचं प्रमाण 0.3 टक्क्यांच्या आत हवं. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत घातक द्रव्यांच्या यादीतून 27 विरुद्ध 25 मतांनी काढलं, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. देशातला कायदा मात्र तसाच राहिला.

माझं स्पष्ट मत आहे की विक्रीसाठी कपाशीत लपवलेलं पीक आणि कुंडीतलं एक रोप यांना एकाच कलमात बसवणं अन्यायाचं आहे. ते कलम बदलायला हवं, आणि ते संसदेत बदलायला हवं. कोणाच्या तरी पोराला तुरुंगात घालून ते बदलणार नाही.

तुझी चार रोपं तू तिथे नीट वाढव. घरात लहान मूल आहे, तेव्हा वाळवलेला फुलोरा कुलपात ठेव. कॅनडाच्या सीमेबाहेर गांजा नेणं तिथल्या कायद्यानेही गुन्हा आहे, आणि उगवणारं बीही त्यातच मोडतं. म्हणून येताना बी आणू नकोस. गच्चीवर मिरची आणि अळू लावू.

तुझा काका