तिसऱ्यांचा वाटा

मासळीबाजारात सर्वांत गप्प कोण असेल, तर ती तिसरी. पापलेट डोळे वटारून पाहते, चिंबोरी बांधलेल्या नांगीनेही दटावते. तिसरी मात्र दोन शिंपांचे दार लावून आत बसलेली. मग पहिली आणि दुसरी कोण, असा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडे. शेवटी भाव पाहून मीच ठरवले, की पहिली सुरमई आणि दुसरी पापलेट!

बोरिवलीच्या बाजारात गोराईच्या एक मावशी तिसऱ्यांचे वाटे लावून बसत. वजन नाही, काटा नाही. सारा हिशेब ओंजळीचा. एकदा मी विचारले, "मावशी, चिखलात या दिसतात कशा?"

"दिसत नाहीत, दादा. भोकं दिसतात. बाकीचं पायाला कळतं."

तिसरी चिखलात रुतून दोन नळ्या वर काढते. एकीने पाणी घेते, दुसरीने सोडते. त्या नळ्यांचीच ही भोके. मावशींना घड्याळ लागत नसे. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ निघते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी पहाटे सहाला. त्या वेळी मावशी गुडघाभर चिखलात वाकलेल्या असत.

या तिसरीची एक थोरली बहीण अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर राहते. तिचे नाव जिओडक. वाळूत हातभर खोल दडून ती दीडशे वर्षांहूनही अधिक जगते. पाणबुडे पाण्याच्या फवाऱ्याने वाळू सैल करून तिला काढतात आणि ती जिवंतपणी विमानाने चीनला जाते. तिथले सरकार दरवर्षी किती काढायच्या ते ठरवून देते. मावशींच्या ओंजळीची नोंद कुठल्या वहीत झालेली मी पाहिली नाही.

तिसरीचा धंदा पाणी गाळण्याचा. खाडी देईल ते ती पोटात घेते. आणि खाडीला आपण गटारे दिली. "नाल्याजवळच्या मी विकत नाही," मावशी म्हणत. "त्या जगतात हो, पण खाणाऱ्याचं काय?" त्यामुळे त्यांना दरवर्षी आणखी लांब चालावे लागे. गुडघे कुरकुरू लागले होते. सून हपिसात जाते, हे त्या अभिमानाने सांगत आणि मग थोडा वेळ गप्प बसत.

मुलुंड-भांडुपच्या बाजूला ठाण्याच्या खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य झाले. २०२२ मध्ये रामसर यादीत तिचे नाव गेले. मला त्याचा आनंदच आहे. पाखरांचे पोट चिखलावर आहे, हे आपल्याला उमगले. चिखलावर पोट असलेल्या बायकांचे मात्र आपण कधी मोजले नाही.

हल्ली मावशींची जागा बहुधा रिकामीच असते. परवा आल्या होत्या, तेव्हा दोनच वाटे होते. मी भाव न करता एक उचलला. दुसरा कोणासाठी, असे विचारल्यावर म्हणाल्या, "घरचा. सुनेला आवडतात. काढायला नाही येत, खायला येते ना!"