घरावरील ध्वज : त्याचें माप आणि त्याचें वस्त्र

ज्या वस्तूविषयीं मनांत आदर असतो, तिच्यासंबंधींच्या लहानसहान गोष्टींचा विचार मनुष्य बहुधा करीत नाहीं. देवघरांतील समई केवढी असावी हें घरांतील कोणीहि बाई सहज सांगेल. पण घरावर उभारावयाचा राष्ट्रध्वज केवढा व कोणत्या कापडाचा असावा असें विचारलें, तर चांगलीं शिकलीसवरलेलीं माणसेंहि "दुकानांत मिळेल तो" एवढेंच उत्तर देतात. आमच्या घरीं हा प्रश्न निघाला तेव्हां त्यावर तीन दिवस वाद चालला. त्या वादांतून जें हातीं आलें तें इतर कुटुंबांनाहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें मांडीत आहें.

आपल्या घरावर वर्षांतील कोणत्याहि दिवशीं ध्वज लावण्याची सामान्य नागरिकाची मोकळीक फार जुनी नाहीं. २६ जानेवारी २००२ पासून अंमलांत आलेल्या ध्वजसंहितेनें ती मिळाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २३ जानेवारी २००४ च्या निकालानें तिला घटनेचा आधार लाभला. त्यानंतर ३० डिसेंबर २०२१ रोजीं संहितेंत बदल होऊन हातानें कांतलेल्या व विणलेल्या खादीच्या जोडीला यंत्रावरील कापडाला व पॉलिएस्टरलाहि परवानगी झाली. जुलै २०२२ मध्यें आणखी एक बदल झाला, व उघड्यावर किंवा नागरिकाच्या घरावर लावलेला ध्वज रात्रींहि ठेवण्यास मुभा मिळाली. आमच्या घरांतील सगळा वाद या दोन बदलांनींच उत्पन्न केला.

आमचें घर रत्नागिरीस, समुद्राच्या वाऱ्याच्या अगदीं तोंडावर आहे. गच्चीवर अठरा फूट उंचीचा लोखंडी खांब आहे. पुतण्याचें म्हणणें, ध्वज लांबवरून दिसला पाहिजे. तेव्हां १८०० × १२०० मिलिमीटरचा, म्हणजे सुमारें सहा फूट लांब व चार फूट रुंद असा घ्यावा. आमचे धाकटे बंधु इंजिनियर. त्यांनीं लगेच कागद-पेन्सिल घेतली.

ध्वजाची लांबी व रुंदी यांचें प्रमाण ३:२ असेंच असलें पाहिजे. संहितेंत नऊ मापें दिलेलीं आहेत. सर्वांत मोठें ६३०० × ४२०० मिलिमीटर, आणि सर्वांत लहान १५० × १००, तें मेजावर ठेवण्याचें. २२५ × १५० हें मोटारीचें व ४५० × ३०० हें अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या विमानाचें. घरगुती उपयोगास मधलीं तीन मापें राहतात : ९०० × ६००, १३५० × ९०० आणि १८०० × १२००. यांत अशोकचक्राचा व्यास अनुक्रमें १८५, २८० व ३७० मिलिमीटर असावा लागतो.

यांतून निवड कशी करावी? आमचा एक भाचा अमेरिकेंत टेक्सासमध्यें असतो. तिकडे प्रत्येक राज्याला स्वतःचा ध्वज आहे. टेक्सासचा तर १८३९ सालापासूनचा. आणि पुष्कळ लोक तो देशाच्या ध्वजाबरोबर आपल्या अंगणांत उभारतात. त्यामुळें तेथें या विषयाचें व्यवहारज्ञान घरोघर असतें. ध्वजाची लांबी खांबाच्या उंचीच्या पाव ते एकतृतीयांश असावी, हा तेथील ठोकताळा त्यानें कळविला. अठरा फुटांच्या खांबाला या हिशेबानें साडेचार ते सहा फूट लांबी शोभते. म्हणजे पुतण्याचा आग्रह अगदींच गैर नव्हता. पण बंधूंनीं वाऱ्याचा हिशेब पुढें ठेवला. १८०० × १२०० चें क्षेत्रफळ १३५० × ९०० च्या पावणेदोनपट भरतें, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा जोर चौपट होतो. ऑगस्टमधील नैर्ऋत्येच्या वाऱ्यांत तो सगळा ताण खांबाच्या बुडाशीं व कापडाच्या मोकळ्या कडेशीं येतो. तेव्हां जेथें वारा फार, तेथें ठोकताळ्याची खालची मर्यादा धरावी, हें सर्वांना पटलें व साडेचार फुटी ध्वज ठरला. सज्जाच्या कठड्याला पांच-सहा फुटांची काठी बांधणाऱ्यांनीं मात्र ९०० × ६०० च्या वर जाऊं नये.

मापाचा वाद असा गणितानें मिटला. कापडाचा वाद गणितानें मिटेना. बंधु म्हणाले, "पॉलिएस्टर हलकें, लवकर वाळतें, मंद वाऱ्यावरहि फडकतें, आणि स्वस्त पडतें. खादी पाणी पिते, जड होऊन खांबाला चिकटून बसते. आपल्या कोंकणांत पंधरा ऑगस्टला पाऊस नाहीं असें किती वेळां झालें?" यांतील एकहि विधान खोटें नव्हतें. पण आमच्या आत्याबाई, ज्यांनीं नव्वदी ओलांडली आहे व ज्यांनीं शाळेंत असतांना टकळीवर सूत कांतलें आहे, इतका वेळ ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, सत्तेचाळीस सालीं झेंड्यावरचा चरखा गेला आणि चक्र आलें. आम्हांला वाईट वाटलें; पण आमचे वडील म्हणाले, चरखा चित्रांतून गेला तरी कापडांत आहे. आतां तुम्ही तो कापडांतूनहि काढतां काय?"

या प्रश्नावर सगळे गप्प झाले. आत्याबाई सांगत होत्या तो इतिहास खराच आहे. २२ जुलै १९४७ रोजीं घटनासमितीनें ध्वज स्वीकारला तेव्हां चरख्याच्या जागीं चोवीस आऱ्यांचें चक्र आलें. परंतु वस्त्र खादीचेंच राहिलें, आणि पुढें भारतीय मानकांत पहिला क्रमांक ध्वजाच्याच मानकास मिळाला. हुबळीजवळ बेंगेरी येथें व आपल्या नांदेडास खादीचे ध्वज तयार होतात, व त्या कामावर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. संहितेंतील बदलाविरुद्ध हुबळीच्या खादीसंघानें २०२२ सालीं निषेधहि केला होता. उलट बाजूहि पाहिली पाहिजे. ज्या घरीं महिन्याचा हिशेब पैशापैशानें जुळवावा लागतो, तेथेंहि त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें प्रथमच ध्वज लागला, तो बहुतेक ठिकाणीं स्वस्त कापडामुळेंच. त्या घरांना नांवें ठेवण्याचा अधिकार कोणालाहि नाहीं.

शेवटीं निर्णय झाला तो असा. रात्रंदिवस ध्वज ठेवण्याची कल्पना आम्हीं सोडून दिली. ज्यांना तसा ठेवावयाचा असेल त्यांनीं दुहेरी शिवणीचें जाड पॉलिएस्टर घ्यावें, तेंच सोयीचें. आम्हीं २६ जानेवारी, १ मे व १५ ऑगस्ट हे तीन दिवस ठरविले, आणि खादीचे दोन ध्वज आणले; एक भिजला तर दुसरा कोरडा हाताशीं असावा. दुसऱ्याचे पैसे आत्याबाईंनीं आपल्या निवृत्तिवेतनांतून दिले व ते परत घेण्याचें साफ नाकारलें.

खरेदी करतांना तीन गोष्टी पाहाव्या. फूटपट्टीनें लांबी-रुंदी मोजावी. एका दुकानीं आम्हांला दाखविलेला ध्वज जवळजवळ चौकोनी होता. तिन्ही पट्टे समान आहेत कीं नाहींत तें बघावें. चक्र पूर्ण वाटोळें असून दोन्ही बाजूंनीं दिसलें पाहिजे. समुद्रकाठीं लोखंडी कप्पीचा गंज कापडाला लागतो, म्हणून कड्या पितळी असाव्या. भिजलेला ध्वज घडी घालण्यापूर्वीं पडवींत पूर्ण वाळवावा, नाहीं तर बुरशी धरते. घडी घालतांना केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खालीं दुमडून, मग चक्र वर दिसेल अशा बेतानें कडा आंत घ्याव्या.

मोकळी कड उसवली तर कापून पुन्हा शिवण्याचा मोह होतो; पण तसें केल्यास ३:२ हें प्रमाण मोडतें. फाटका वा विटका ध्वज लावूं नये. तो एकान्तांत, संपूर्णपणें, शक्यतों अग्नीला अर्पण करावा असें संहिताच सांगते. या ठिकाणीं कापडाचा भेद पुन्हा जाणवतो : पॉलिएस्टर वितळून काळा धूर सोडतें, खादीची शुभ्र राख होते.

सूर्योदयाला चढवावयाचा आणि सूर्यास्ताला उतरवावयाचा, म्हणजे दिवसांतून दोन वेळां घरांतील सर्वांनीं गच्चीवर जमलें पाहिजे. हा त्रास आहे खरा. पण जी वस्तु एकदां लावून विसरतां येते, ती हळूहळू डोळ्यांना दिसेनाशी होते. आणि जिची उठबस करावी लागते, ती मुलांच्या लक्षांत राहते. पुतण्यानें संध्याकाळचें काम स्वतःहून मागून घेतलें आहे, आणि घडी नीट झाली कीं नाहीं हें तो आत्याआजींना दाखविल्यावांचून कपाटांत ठेवीत नाहीं.