लाखोळीचा वाटा

आहारातून आरोग्याला होणारा अपाय पदार्थाच्या नावावर जितका अवलंबून असतो, त्याहून कितीतरी अधिक तो त्या पदार्थाला रोजच्या जेवणात मिळणाऱ्या वाट्यावर अवलंबून असतो, हे आहारशास्त्रातले जुने तत्त्व आहे. आणि पूर्व विदर्भात पिकणाऱ्या एका डाळीने ते जितक्या लख्खपणे, जितकी जबर किंमत वसूल करून शिकवले, तितके दुसऱ्या अन्नाने क्वचितच शिकवले असेल. ही डाळ म्हणजे लाखोळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडील भाग मिळून जो धानपट्टा होतो, त्यात तिला लाखोरी किंवा नुसते लाख म्हणतात. हिंदी भाषक प्रदेशात ती खेसारी किंवा तिवडा होते आणि वनस्पतिशास्त्रात तिचे नाव लॅथायरस सॅटायव्हस असे आहे.

धानाची कापणी जवळ आली, बांधीतले पाणी ओसरले आणि मातीत केवळ ओल उरली, की उभ्या धानातच लाखोळीचे बी फेकले जाते. त्यानंतर तिला नांगरट लागत नाही, खत लागत नाही, आणि ओलिताची सोय नसलेल्या शेतातही हिवाळ्याच्या दवावर आणि जमिनीतल्या उरल्यासुरल्या ओलाव्यावर ती वाढते. शेंगवर्गातील वनस्पती असल्यामुळे तिच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र जमिनीत साठवतात आणि त्याचा लाभ पुढच्या पिकाला होतो. कोवळ्या पाल्याची भाजी ताजी असताना होते, वाळवून ठेवली तर उन्हाळ्यातही होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटक कोष्टकांत या डाळीतील प्रथिनांचे प्रमाण १०० ग्रॅमला सुमारे २८ ग्रॅम दिलेले आहे, तर तुरीच्या डाळीत ते २२ ग्रॅमच्या आसपास असते. कमी जमीन आणि कमी भांडवल असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले, तर याहून उपकारक पीक शोधून सापडणे कठीण आहे, आणि नेमक्या याच गुणात तिचा धोकाही दडलेला आहे, कारण जे पीक कशातही तगते ते दुष्काळात एकटेच उरते.

लाखोळीच्या अतिसेवनाने होणाऱ्या विकाराला लॅथिरिझम म्हणतात. त्यात मेंदूकडून पायांच्या स्नायूंकडे आज्ञा वाहून नेणाऱ्या चेतापेशी निकामी होतात. पोटऱ्यांत ओढ लागते, गुडघे ताठरतात, टाच टेकेनाशी होते आणि माणूस चवड्यांवर, पाय एकमेकांत अडकवत चालू लागतो. बुद्धी शाबूत राहते, स्पर्शाची जाणीव बहुधा शाबूत राहते, आयुष्यही फारसे घटत नाही, परंतु गेलेली चाल परत येत नाही. वैद्यकशास्त्राने या रोगाच्या पायऱ्या रुग्णाच्या आधारावरून ठरवल्या आहेत: काठीविना चालणारा, एका काठीवर चालणारा, दोन काठ्यांवर चालणारा आणि अखेर हातांवर सरपटणारा. स्त्रियांपेक्षा पुरुषांत, त्यातही अंगमेहनत करणाऱ्या तरुणांत हा विकार अधिक आढळत आला आहे, म्हणजे घराची मिळकत ज्याच्या पायांवर उभी असते, त्याचेच पाय तो आधी घेतो.

मध्य भारतातील या विकाराचे एक ठळक वर्णन कंपनी सरकारचे अधिकारी विल्यम स्लीमन यांनी १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत करून ठेवले आहे. सागर परिसरात १८२९ पासून सलग काही वर्षे गहू बुडाला, त्याच्या जागी आपोआप माजलेली तिवडा लोकांनी खाल्ली आणि पुढच्या काळात गावोगावच्या तरुणांचे कमरेखालचे बळ गेले, असा त्याचा आशय आहे. हाच सागर-नर्मदा प्रदेश १८६१ मध्ये नागपूर प्रांताला जोडला जाऊन मध्य प्रांत निर्माण झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाले. लाखोळीचा प्रश्न नागपूरच्या कारभाराशी जोडला गेला तो इतक्या आधीपासून.

यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदी वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते, ती अशी की लॅथिरिझम झालेल्या माणसाने लाखोळी निवडलेली नसते. रेवा आणि त्याच्या आसपासच्या भागात, कर्जापोटी बांधल्या गेलेल्या मजुरांना मजुरी रोख मिळत नसे, धान्यात मिळे. आणि ते धान्य बहुतेक वेळा लाख किंवा लाखमिश्रित असे, कारण जमीनमालकाच्या दृष्टीने ते सर्वांत स्वस्त होते. भारताबाहेरचे उदाहरण याहून भयंकर आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, रुमानियाच्या ताब्यातील वाप्नियार्का या छावणीत ज्यू कैद्यांना रोज सुमारे ४०० ग्रॅम लाखोळी शिजवून दिली जात असे आणि जोडीला बार्लीची थोडीशी भाकर; काही महिन्यांतच शेकडो कैद्यांचे पाय लुळे पडू लागले. कैद्यांपैकीच एक असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी रोगाचे कारण ओळखले आणि पुढे आयुष्यभर त्या रुग्णांचा पाठपुरावा केला. सागरचा शेतकरी, रेव्याचा बांधील मजूर आणि वाप्नियार्काचा कैदी या तिघांना जोडणारा धागा डाळीचा आहे, तसाच ताटात दुसरे काही नसण्याचाही आहे. आहाराच्या वैयक्तिक निवडीविषयी जे जे लिहिले जाते, ते निवड करण्याजोगे काहीतरी समोर आहे असे गृहीत धरून लिहिले जाते. लाखोळीचा इतिहास हे गृहीतक प्रथम तपासायला लावतो.

भारत सरकारने १९६१ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत लाखोळीच्या विक्रीवर निर्बंध आणला. संबंधित राज्य सरकार अधिसूचनेने जी तारीख ठरवील त्या तारखेपासून लाखोळीचे दाणे, डाळ, पीठ आणि इतर डाळींतील तिची मिश्रणे विकता येणार नाहीत, असे त्याचे स्वरूप होते, आणि महाराष्ट्राने ती बंदी स्वीकारली. येथे कालक्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. लाखोळीतील विषारी द्रव्य नेमके कोणते, हे १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी शोधून काढले. म्हणजे बंदी आधी आली आणि विष मागाहून सापडले. ज्याचे स्वरूप माहीत नाही त्या द्रव्याची सुरक्षित मर्यादा ठरवता येत नाही, म्हणून त्या वेळी संपूर्ण धान्यालाच दोषी धरले गेले, हे समजण्यासारखे आहे. मात्र द्रव्य सापडल्यानंतरही त्या ज्ञानाच्या उजेडात नियम पुन्हा तपासायला जी दशके लागली, त्यांचे समर्थन करणे अवघड आहे.

या द्रव्याचे संक्षिप्त नाव बीटा-ओडॅप. ते एक अमिनो आम्ल आहे. प्रथिने ज्या घटकांची बनतात त्याच कुळातले, परंतु शरीरातील प्रथिनांत न वापरले जाणारे. मेंदूतील ग्लुटामेट हा रेणू एका चेतापेशीकडून दुसरीला उत्तेजनाचा निरोप देतो आणि निरोप पोचताच बाजूला होतो. ओडॅपचा आकार ग्लुटामेटशी इतका मिळताजुळता असतो, की पेशी त्याला निरोप्या समजून प्रतिसाद देते आणि अतिरेकी उत्तेजनाने अखेर थकून मरते. हा अपाय एका जेवणाने होत नाही. रोजच्या एकूण उष्मांकांचा, म्हणजे अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेचा, साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक एकट्या लाखोळीतून सलग दोन-तीन महिने येत राहिला, तर धोका उभा राहतो. आणि तेव्हाही तसे खाणाऱ्यांपैकी काहींनाच विकार होतो. गंधक असलेली मेथिओनिन आणि सिस्टिन ही अमिनो आम्ले ज्याच्या आहारात पुरेशी असतात, त्याच्या चेतापेशी हा मारा अधिक सोसू शकतात असे दिसते. लाखोळीत ही आम्ले कमी असतात, तांदूळ आणि ज्वारीत ती तुलनेने अधिक असतात; त्यामुळे भातावर वाढलेले लाखोळीचे वरण आणि भाताविना केवळ लाखोळीचीच भाकर यांतला फरक केवळ चवीचा आणि पोट भरण्याचा राहत नाही, तो चेतापेशीपर्यंत पोचतो.

याच ठिकाणी निसर्गाचा एक निष्ठुर योग जुळून येतो. पाण्याचा ताण पडला की लाखोळीच्या दाण्यातील ओडॅपचे प्रमाण वाढते. ज्या वर्षी धान बुडते, तूर बुडते, भाजीपाला मिळत नाही आणि घरात फक्त लाखोळी उरते, त्याच वर्षी तिचा प्रत्येक दाणा नेहमीपेक्षा अधिक विषारी असतो. दुष्काळानंतर रोगाची लाट का येई, हे एवढ्यावरून स्पष्ट होते.

उपाय मात्र चुलीजवळचे आहेत. ओडॅप पाण्यात विरघळते. डाळ गरम पाण्यात काही तास भिजवून ते पाणी फेकून दिले, किंवा भरपूर पाण्यात उकळून वरचे पाणी ओतून टाकले, तर त्याचा मोठा भाग निघून जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९६० च्या दशकातच या पद्धतींवर काम झाले होते. तोटा असा, की त्या पाण्याबरोबर ब गटातील काही जीवनसत्त्वेही जातात, आणि जिथे पाणी व सरपण दोन्ही डोक्यावरून आणावे लागते तिथे पाणी ओतून टाकण्याचा सल्ला देणाऱ्याने त्या घागरीचे वजनही लक्षात घेतले पाहिजे. दुसरा उपाय बियाण्याचा. रतन, प्रतीक आणि महातिवडा या वाणांत ओडॅपचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे, तर जुन्या स्थानिक वाणांत ते याच्या कित्येक पट असू शकते.

बंदीविरुद्धचा आवाज नागपुरातून उठला. येथील आहारतज्ज्ञ डॉ. शांतिलाल कोठारी आणि त्यांची अॅकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट ही संस्था यांनी अनेक वर्षे उपोषणे, निवेदने आणि न्यायालयीन लढा या मार्गांनी हा प्रश्न धगधगता ठेवला. पूर्व विदर्भात पिढ्यान् पिढ्या खाल्ली जाणारी डाळ गुन्हा ठरवल्याने गरिबाच्या ताटातले स्वस्त प्रथिन जाते आणि शेतकऱ्याच्या मालाला उघड बाजार राहत नाही, ही त्यांची भूमिका होती. महाराष्ट्र शासनाने २००८ मध्ये राज्यातील बंदी उठवली, आणि २०१६ च्या आरंभी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ गटाने वर उल्लेखिलेल्या तीन वाणांच्या आधारे देशपातळीवरील निर्बंध उठवण्याची शिफारस केल्याचे जाहीर झाले. लाखोळी पूर्णपणे निर्धोक आहे, असा या आंदोलनातून काही वेळा ध्वनित होणारा अर्थ मान्य करता येत नाही. सागरचे आणि रेव्याचे रुग्ण खरे होते. तथापि बंदीच्या काळातही पीक घेतले जात होते, खाल्ले जात होते, आणि तरीही रोग ओसरत गेला, ही वस्तुस्थिती आंदोलकांच्या बाजूने बोलते. रोग ओसरण्याचे श्रेय वेठबिगारी निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्याला, रोख मजुरीला, ओलिताच्या सोयीला आणि रेशनच्या गहू-तांदळाला अधिक जाते, बंदीच्या अधिसूचनेला कमी. ताटात दुसरे अन्न आले, लाखोळीचा वाटा घटला आणि काठ्या कमी झाल्या.

वाट्याचे हे गणित आता वेगळ्या धान्याच्या बाबतीत मांडण्याची वेळ आली आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे, की एकूण ऊर्जेपैकी तृणधान्यांचा हिस्सा ४५ टक्क्यांपर्यंत असावा, प्रत्यक्षात तो ५० ते ७० टक्के आहे. आणि डाळी, मांस, मासे मिळून १४ टक्के ऊर्जा अपेक्षित असताना ती ६ ते ९ टक्केच मिळते. धानपट्ट्यातल्या गावात हा वाढीव हिस्सा पांढऱ्याशुभ्र पॉलिश केलेल्या भाताचा असतो, नागपूर शहरात त्यात मैदा, साखर आणि तळणाचे तेल मिसळते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के आणि मधुमेहपूर्व अवस्थेचे १५.३ टक्के आढळले. भात हे विष नाही, जशी थोडी लाखोळी विष नाही. परंतु एकाच धान्याने ताट व्यापले की शरीर त्याची किंमत मोजते, फक्त या वेळी ती पायांच्या ताठरण्यात न दिसता रक्तातल्या साखरेत, डोळ्यांच्या पडद्यात आणि मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साचत राहते. दोहोंत एक मोठा भेद आहे. रेव्याच्या मजुराला निवड नव्हती, शहरातल्या नोकरदाराला ती बरीचशी आहे. आणि ज्याला निवड आहे त्याने भाताची एक वाढ कमी करून वरणाची वाटी भरून घेणे, उसळीला आठवड्यातले चार दिवस देणे, ज्वारीची भाकर पुन्हा रोजच्या पंक्तीला आणणे हे त्याच्या हातातले आहे. रेशनवर केवळ तांदूळ आणि गहू मिळणाऱ्या कुटुंबाला हाच उपदेश करण्याआधी त्या रेशनमध्ये डाळ घातली गेली पाहिजे.

उरतो प्रश्न भेसळीचा, आणि तो नागपूरकरांना अधिक जवळचा आहे, कारण झुणका, पाटवडी, गोळाभात अशा इथल्या आवडत्या पदार्थांचा पाया बेसन आहे आणि लाखोळीचे पीठ बेसनात मिसळले तर डोळ्यांना ओळखू येत नाही. अख्खी डाळ ओळखता येते: तुरीच्या गोलसर दाण्याच्या तुलनेत लाखोळीचा दाणा चौकोनी, कोनदार आणि एका बाजूने उतरता असतो. उघडपणे, लाखोळी म्हणून विकत घेतलेल्या डाळीचा वाटा खाणाऱ्याला ठरवता येतो, भिजवून पाणी टाकता येते, सोबत भात आणि भाजी वाढता येते. लपून आलेल्या डाळीबाबत यांपैकी काहीच शक्य नसते. म्हणून चण्याची डाळ निवडून, डोळ्यांसमोर दळून आणण्याची जुनी पद्धत आजही उपयोगाची आहे. सुटी लाखोळी घेताना मात्र पोत्यावर वाणाचे नाव नसते, आणि समोरची डाळ रतनची की बांधीतल्या जुन्या घरगुती बियाण्याची, हे ना दुकानदाराला सांगता येते ना गिऱ्हाइकाला विचारता येते. कमी ओडॅपचे बियाणे शेतकऱ्यापर्यंत पोचवणे आणि त्या डाळीला तिच्या वाणाच्या नावाने बाजारात स्वतंत्र जागा देणे हे काम बंदी उठल्यानंतर सुरू व्हायला हवे होते; ते अजून पुरे व्हायचे आहे, आणि तोवर डाळ भिजवून पाणी ओतून टाकणाऱ्या बाईवरच त्याचा सगळा भार आहे.