मध्यबिंदूचा दाखला

संगणकाच्या पडद्यावरील रंग मोजून ते नियमात बसवणे हा माझा व्यवसाय असून, त्याविषयी सामान्य वाचकाला उमजेल असे काही लिहावे, असा या अंकाच्या संपादकांचा आग्रह झाला, तेव्हा मी तो तत्काळ मान्य केला. कारण गेल्या हंगामातील एका प्रकरणाचा जो सल माझ्या मनात राहिला आहे, त्याचा जाहीर खुलासा करण्यास याहून योग्य जागा मला मिळाली नसती.

एका मुखपृष्ठासाठी एका चित्रकर्तीने पहाटेचे करडे आकाश पडद्यावर रंगवले. डाव्या बाजूस तिला गुलाबी झाक जाणवली, म्हणून ती नाहीशी होईपर्यंत तिने तेथील गुलाबीचा अंश उणा केला. पडद्यावर आकाश निर्दोष झाले, आणि छापून आलेल्या प्रत्येक प्रतीवर त्याची डावी बाजू हिरवट उतरली. प्रकाशकाने छापखान्याचे बिल अडवले. छापखान्याने शाईच्या घनतेच्या नोंदी पुढे केल्या, त्या बिनचूक होत्या. आणि चित्रकर्तीने आपल्या पडद्याच्या कॅलिब्रेशनचा दाखला दाखवला, तोही खोटा नव्हता. अपेक्षित रंग आणि दिसणारा रंग यांतील अंतर ज्या मापाने सांगतात, ते डेल्टा-ई त्या दाखल्यावर एकाच्या आत होते. मात्र ते मोजले होते पडद्याच्या मध्यबिंदूवर, आणि केवळ तेथेच. मी त्याच पडद्याचे पंचवीस भाग पाडून प्रत्येक भाग मोजला, तेव्हा मध्यभाग निष्कलंक आणि डावी कड मात्र गुलाबीकडे स्पष्ट झुकलेली आढळली. तिच्या डोळ्यांनी जे पाहिले ते यथार्थ होते. परंतु दोष चित्रात आहे की पडद्यात, हे सांगण्याचे साधन तिच्या हाती कोणी दिलेच नव्हते.

असे का घडते, याची थोडी तांत्रिक चर्चा वाचकांनी सहन करावी. द्रवस्फटिकाचा, म्हणजे एलसीडी पडदा स्वयंप्रकाशी नसतो. त्याच्या पाठीमागे अॅक्रिलिकचा पातळ तक्ता असतो आणि तक्त्याच्या कडेला एलईडी दिव्यांची ओळ. कडेतून आत शिरलेला प्रकाश तक्त्याच्या पोटात परावर्तित होत पुढे सरकतो आणि पाठीवर उमटवलेल्या सूक्ष्म ठिपक्यांवर आदळला म्हणजे समोरून बाहेर पडतो. पाटाच्या तोंडाशी असलेल्या शेतांनी मनसोक्त पाणी घेतले तर शेवटच्या शेतापर्यंत धार पोहोचत नाही, तोच न्याय येथे आहे. म्हणून दिव्यांजवळ ठिपके विरळ आणि दूर जावे तसतसे दाट ठेवतात. इतके करूनही रंगाचा प्रश्न उरतोच. पांढरा म्हणवला जाणारा दिवा मुळात निळा असून, निळ्या किरणांचा काही भाग पिवळ्यात परिवर्तित करणाऱ्या फॉस्फरचा लेप त्यावर असतो. (या निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) लेपाच्या जाडीत यत्किंचित फरक पडला की पांढऱ्याचा कल पालटतो, म्हणून कारखान्यात दिव्यांची रंगानुसार प्रतवारी करावी लागते. त्यात भर म्हणजे दोन काचांमधील द्रवस्फटिकाचा थर अवघा तीन-चार मायक्रॉनांचा असतो, आणि त्या जाडीतील अल्पशी असमानताही रंगात उतरते. स्वयंप्रकाशी ओएलईडी पडद्यात मागचा दिवा नाही, तरी प्रत्येक बिंदूला वीज पुरवणारे ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे नसल्याने गडद करड्या रंगात तेथेही पट्टे दिसतातच.

आता ज्या वादात माझे मत बहुसंख्य व्यवसायबंधूंहून भिन्न आहे, त्याकडे वळतो. उंची किमतीच्या मॉनिटरांत ही असमता भरून काढण्याची सोय असते. ती चालू केली की मॉनिटर सर्वांत अंधुक कोपरा प्रमाण मानतो आणि उर्वरित पडदा त्याच्या पातळीवर खाली आणतो. कोपऱ्यात मध्याच्या ८० टक्केच उजेड असेल, तर साऱ्या पडद्याचा उजेड ८० टक्क्यांवर येतो. काळा रंग मात्र होता तेवढाच उजळ राहतो, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातील हजारास एक असलेला विरोध आठशेस एक होऊन बसतो. हा त्याग कशासाठी? केंब्रिजच्या कॅम्बेल आणि रॉबसन यांच्या १९६८ च्या प्रयोगांपासून हे सुविदित आहे की, प्रकाशाची तीव्रता फार विस्तीर्ण अंतरात हळूहळू बदलत गेली तर ती डोळ्याला अत्यल्प जाणवते. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००५ साली क्ष-किरणचित्रे पाहण्याच्या पडद्यांसाठी नियम केले, त्यांत उजेडाच्या असमतेस ३० टक्क्यांपर्यंत मुभा ठेवली, ती गाफिलपणाने नव्हे. रंगाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. कॅथी मुलन यांनी १९८५ साली दाखवून दिले की, रंगभेदाच्या बाबतीत डोळ्याची संवेदनक्षमता विस्तीर्ण, संथ बदलांपाशी ढळत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की रंग सर्वत्र समान करावा आणि उजेडाला त्याच्या नैसर्गिक उतारावर सोडून द्यावे. परंतु पुष्कळ मॉनिटरांत या दोहोंचा कारभार एकाच कळीखाली ठेवलेला असतो, आणि तो विभक्त करावा ही माझी मागणी विक्रेत्यांना अद्याप पटलेली नाही. दीर्घकाळ, मोठ्या करड्या पृष्ठांवर काम करणाऱ्याला उजेडाचा उतारही फसवू शकतो, हा माझ्या प्रतिपक्षाचा आक्षेप मी सहज झटकून टाकू शकत नाही, हेही येथे नमूद करतो. तो मला अधूनमधून अस्वस्थ करतो.

लोकांचा रोष मात्र भलत्याच ठिकाणी असतो. अंधाऱ्या खोलीत काळ्या पडद्याचे मोबाइलने छायाचित्र घ्यायचे आणि कोपऱ्यांतून दिवे गळतात म्हणून नवा मॉनिटर परत पाठवायचा, हा प्रकार मी वारंवार पाहतो. कॅमेरा अंधारात आपण होऊन प्रकाश वाढवून घेतो, हे कोणी ध्यानात घेत नाही. आणि आयपीएस जातीच्या पडद्याच्या कोपऱ्यांतील धूसर तेज पुष्कळदा दोष नसून पाहण्याच्या कोनाचा परिणाम असतो, खुर्ची हातभर मागे घेतली की ते ओसरते. उलट दिवसभर ज्या करड्या रंगावर माणूस निर्णय घेतो, त्याची चौकशी करण्याचे कोणाच्या मनात येत नाही, आणि माझ्या धंद्यातील मंडळीही मध्यबिंदूवर यंत्र टेकवून, दाखला छापून मोकळी होतात, याचा मला मनापासून खेद वाटतो.

यंत्र विकत न घेताही चौकशी करता येते. पडदा अर्धा तास चालू ठेवून चांगला तापू द्यावा, कारण थंड पडद्याचा रंग स्थिरावलेला नसतो. मग संपूर्ण पडद्यावर मध्यम करडा रंग भरावा आणि डोळा स्थिरावल्यावर दोन्ही कडांची तुलना करावी. चित्रात शंका असेल, तर रंगाला हात लावण्यापूर्वी ते चित्र उलटे, अर्धा फेरा फिरवून पाहावे. झाक चित्राबरोबर उजवीकडे गेली तर ती चित्रातली. जागच्या जागी डावीकडेच राहिली तर ती पडद्याची, आणि चित्रातील एकही रंग बदलण्याचे कारण उरत नाही.