शेड, शॅडो आणि एक कळशी

पेन्सिलीच्या रेखाटनावरचं एक इंग्रजी पुस्तक मराठीत करत होते. एका वाक्यात ‘शेड’ आणि ‘शॅडो’ दोन्ही शेजारी शेजारी आले. आधी दोन्हीकडे ‘सावली’ लिहिलं. ते खुपलं, म्हणून टेबलावर पडणाऱ्या शॅडोला ‘छाया’ केलं. वाक्य कानाला बरं लागलं आणि मी पुढे सरकले.

शेजारचे सर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी कच्चा खर्डा वाचला आणि काही न बोलता आमची पितळी कळशी खिडकीशी टेबलावर ठेवली. “बघा ताई, उजेड डावीकडून येतोय. कळशीच्या पोटावर उजवीकडे अंधार चढलाय ना, तो तिच्या अंगावरचा. ती छाया. टेबलावर पडलीय ती पडछाया. आता कळशी उचला.”

उचलली. टेबलावरची काळी जीभ सरकत निघून गेली. पोटावरचा अंधार मात्र माझ्या हातात तसाच होता. कडेशी तर तो थोडा उजळलाही होता, टेबलावरून परतलेल्या उजेडानं. पुस्तकातलं ‘शेड’ ते हे. मी नेमकं उलट लिहिलं होतं. इतकी वर्षं भाषांतर करूनही शब्दाआधी वस्तू बघायची राहिली, याचं मला फार वाईट वाटलं.

मग शब्दकोश काढून बसले. इंग्रजीत हे दोन मुळात एकच. जुन्या इंग्रजीत ‘शॅआदु’ हे मूळ रूप आणि ‘शॅआद्वे’ हे त्याचं, आपल्या भाषेत सांगायचं तर, सामान्यरूप. पहिल्यापासून शेड आलं, दुसऱ्यापासून शॅडो. ‘घोडा’ आणि ‘घोड्या’ पुढे दोन निराळे प्राणी ठरावेत, तसं झालं. रूपं दोन होती, म्हणून अर्थांनीही हळूहळू वेगळी घरं केली.

आणखी एक भावंड आहे. गोठ्याची, कारखान्याची पत्र्याची शेड. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून दिसणारा हा शब्दही बहुधा त्याच शेडचं बदललेलं रूप. इंग्रजीत दोघांचे उच्चार आणि स्पेलिंग वेगळे झाले. मराठीत आल्यावर ते पुन्हा एक झाले! ‘शेडमध्ये बैल बांध’ आणि ‘याच्यात लाइट शेड दाखवा’ यांतला शब्द आपण एकसारखाच लिहितो. त्यात रंगाच्या काटेकोर परिभाषेत शेड म्हणजे रंगात काळा मिसळलेला; पांढरा मिसळला की तो टिंट. साडीच्या दुकानात हा भेद कोणी पाळत नाही, आणि पाळायची गरजही नाही.

शेड आणि आपली छाया सख्ख्या बहिणी असाव्यात, असं मला वर्षानुवर्षं वाटे. तशा त्या नाहीत. शेडचं नातं ग्रीक ‘स्कोतोस’शी, म्हणजे अंधाराशी. छायेची ग्रीक बहीण ‘स्किआ’. खारीचं इंग्रजी नाव ‘स्क्विरल’ या स्किआपासून आल्याचं मानतात: स्वतःच्या शेपटीच्या सावलीत बसणारी. आमच्या आंब्यावरची खार तेव्हापासून मला जवळची वाटते.

पुस्तकात आता ‘छाया’ आणि ‘पडछाया’ आपापल्या जागी आहेत. ‘सावली’ एकदाच ठेवली, चित्रकार झाडाखाली वही उघडून बसतो तिथे. बसायला मराठीत सावलीच लागते.

पण सावलीत नेहमी गारवाच असतो असं नाही. पेशवाईतल्या मराठी मुलखात समोरून सवर्ण येत असेल तर अस्पृश्याला सार्वजनिक रस्ता वापरायची मुभा नसे, त्याच्या सावलीनं विटाळ होईल म्हणून. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हे नोंदवलं आहे. तिथला इंग्रजी शब्द शॅडो. सरांच्या कळशीच्या हिशेबानं ती पडछाया. तरी तिथे ‘पडछाया’ लिहायला माझा हात धजणार नाही. ज्यांनी तो विटाळ मानला त्यांच्या तोंडी ‘सावली’च होती, आणि ज्यांनी तो सोसला त्यांनीही तोच शब्द ऐकला.